सुतकाबाहेरचा शोक



स्मृतिव्याख्यानाला येताना आपण एक गोष्ट गृहीत धरून येतो. ज्यांच्या नावानं जमायचं त्यांची आठवण चारचौघांत काढता येते, हे ते गृहीत. भिंतीवरची हार घातलेली तसबीर, चौकातला पुतळा, नावाचा पुरस्कार, ही व्याख्यानमाला, सगळं त्यावरच उभं आहे. पण ज्या माणसाची आठवण धड काढताही येत नाही आणि टाकताही येत नाही, त्याच्या मागे राहिलेल्यांनी काय करायचं? आजचा विषय मी या प्रश्नापोटी निवडला. ज्यांचे आईवडील दारूच्या व्यसनात बुडाले आणि जे स्वतः आता तिशी, चाळिशी, पन्नाशीत आहेत, अशा मुलामुलींच्या शोकाबद्दल मला बोलायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो. या मुलांचा बाप एकदाच मरत नाही. तो त्यांच्या डोळ्यांदेखत वर्षानुवर्षं जात राहतो, आणि आपण मात्र ज्या मरणात प्रेत असतं त्या शेवटच्या मरणाचंच सुतक पाळतो. आधीच्या जाण्यांना दहावा नाही, तेरावा नाही, भेटायला येणारी माणसं नाहीत. न मानलेला हा शोक मग दुसरीच रूपं घेऊन आयुष्यभर सोबत राहतो. त्याला शोक म्हणून ओळखणं हे समाजाचं काम आहे, आणि ते आपण अजून केलेलं नाही.

हा प्रश्न मूठभरांचा नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सनं केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वर्षं वयाचे सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात. पिणारा प्रत्येक जण व्यसनी नसतो, हे खरंच. पण ज्यांचं पिणं घातक वळणावर गेलं आहे किंवा ज्यांना दारूवाचून राहवत नाही आणि म्हणून मदतीची गरज आहे, असे त्यांत ५.७ कोटी निघाले. पुरुषांपैकी २७.३ टक्के पितात, स्त्रियांपैकी १.६ टक्के. म्हणून मी बहुतेक ठिकाणी 'बाप' असं म्हणेन. पिणाऱ्या आईची मुलं संख्येनं कमी असली तरी त्यांच्या वाट्याला येणारी लाज दुप्पट असते, हेही इथेच नोंदवून ठेवतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नवरा वारंवार दारू पिऊन झिंगतो अशा स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रियांनी त्याच्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. नवरा अजिबात पीत नाही अशा घरांत हेच प्रमाण सुमारे २३ टक्के होतं. या आकड्यांत पिणारा मोजला गेला, त्याची बायकोही मोजली गेली. दाराआड उभं राहून ते पाहणारं मूल मात्र कुठल्याच रकान्यात नाही. ते मूल मोठं झाल्यावर तर त्याची विचारपूस करायचं कुणाच्या मनातही येत नाही.

हे न दिसणं आपल्याकडे जुनं आहे. मराठीत दारूवर लिहिलेली सगळ्यांत गाजलेली कृती म्हणजे राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला'. ते १९१९ साली, गडकरी गेल्यानंतर महिन्याभरानं रंगभूमीवर आलं. या नाटकानं दारूबद्दल विचार करायची चौकट आपल्याला दिली. सुधाकर हा बुडणारा, सिंधू ही सोसणारी, तळीराम हा ओढून नेणारा. चौथं माणूसही त्या घरात आहे, पाळण्यातलं. पण नशेतल्या सुधाकराच्या हातूनच त्या तान्ह्या मुलाचा जीव जातो. सिंधू शेवटपर्यंत नवऱ्यावर ठपका येऊ देत नाही, आणि प्रेक्षक तिच्यासाठी रडत घरी जातात. शंभरहून अधिक वर्षं आपण सुधाकर आणि सिंधू यांच्याविषयी बोलत आलो. ते मूल वाचलं असतं, तीस वर्षांचं झालं असतं, तर त्यानं बापाविषयी काय सांगितलं असतं? आईच्या सोशिकपणाविषयी काय म्हटलं असतं? हा प्रश्न आपण विचारला नाही. खऱ्या आयुष्यात ती मुलं वाचतात, मोठी होतात, आपल्या कचेरीत शेजारच्या टेबलावर बसतात. त्यांच्यासाठी आपल्याकडे पात्र नाही, म्हणून संवादही नाही.

आता या मुलांचं नेमकं हरवतं काय ते पाहू. १९७० च्या दशकात पॉलिन बॉस या अमेरिकन संशोधिकेनं व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. माणूस घरात नाही, पण मेल्याचंही कळलेलं नाही. अशा वेळी शोक सुरूही होत नाही आणि संपतही नाही, हे तिला दिसलं. पुढे तिनं याची दुसरी बाजूही मांडली: माणूस देहानं समोर आहे, पण मनानं निघून गेलेला आहे. स्मृतिभ्रंश झालेल्यांची कुटुंबं हे तिचं ठळक उदाहरण, आणि व्यसनाचं घरही याच जातीचं. फरक एवढाच की स्मृतिभ्रंशात माणूस एकाच दिशेनं जात राहतो, आणि व्यसनात तो रोज रात्री जातो नि सकाळी परत येतो. सकाळी दाढी करणारा, वह्यांना कव्हर घालून देणारा, लाडानं हाक मारणारा बाप खरा असतो. रात्री गाडीचा आवाज आला की मुलं ज्याच्यासाठी कान टवकारतात, जिन्यावरच्या पावलांवरून आज किती झाली आहे याचा अंदाज घेतात, तोही खराच असतो. यांतला आपला कोणता, हे मुलाला ठरवता येत नाही. बाप फक्त वाईट असता तर मनातून तोडून टाकता आला असता. तो अधूनमधून चांगला असतो, म्हणून मूल उंबऱ्यापाशी वाट पाहत राहतं.

या वाट पाहण्याला खतपाणी घालते ती शपथ. आपल्याकडे दारू सोडायची शपथ बऱ्याचदा मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतली जाते. जी शपथ मोडली तर मुलाचंच बरंवाईट होईल अशी समजूत, ती त्या मुलासमक्ष घ्यायची आणि चार दिवसांत मोडायची. मुलाला काही होत नाही, ते जगतं. पण आपला जीव आणि बाटली तराजूत घातली तर पारडं कुठे झुकतं, हे त्याला त्या वयात कळून चुकतं. काही घरांत बाप माळ घालतो, पंढरीला जाऊन येतो. अशा माळेनं कितीतरी घरं सावरली आहेत. पण जिथे ती माळ पुन्हा खुंटीवर जाते, तिथे मुलाच्या लेखी एक बाप आला आणि गेला. दर वेळी दारू सुटते तेव्हा बाप जन्मतो, दर वेळी सुरू होते तेव्हा मरतो. वीस वर्षांत हे किती वेळा होत असेल? कॅनडातल्या मार्गारेट कॉर्क यांनी व्यसनी पालकांच्या ११५ मुलांशी बोलून १९६९ साली जे पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी या मुलांना 'विसरलेली मुलं' म्हटलं. मुलांना बाटलीचा त्रास होता त्याहून अधिक घरातल्या भांडणांचा आणि आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही याचा होता, असं त्यांना आढळलं. म्हणजे मुलं दारूबद्दल तक्रार करत नव्हती, हरवलेल्या आईबापांबद्दल करत होती. दोघांबद्दल, कारण न पिणाऱ्या आईचं सगळं लक्षही पिणाऱ्यावरच खिळलेलं असतं.

आणि मग एके दिवशी बाप खरोखर मरतो. यकृत निकामी होऊन, रस्त्यावरच्या अपघातात, कधी विषारी दारूनं. लोक भेटायला येतात. काही जण म्हणतात, 'सुटला बिचारा, तुम्हीही सुटलात.' काही म्हणतात, 'माणूस मात्र देवमाणूस होता, पोटात गेली नाही तोवर.' मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, म्हणून खरं काय घडलं ते सांगायचं नाही. आणि तो दारुडाच होता, म्हणून फार रडायचंही नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये मुलगा किंवा मुलगी उभी असते, आणि दोन्ही वाक्यांत तिला जागा नसते. केनेथ डोका या अभ्यासकानं १९८९ साली अशा शोकाबद्दल लिहिलं, ज्याला समाज शोक म्हणून मान्यताच देत नाही, ज्याच्यावर माणसाचा हक्क मानला जात नाही. आपल्या दहाव्याच्या विधीत हे फार स्पष्ट दिसतं. पिंडाला कावळा शिवला नाही तर गेलेल्याची इच्छा राहून गेली असं मानतात. मग नातेवाईक पुढे होतात, 'पोरांचं सगळं नीट करू', 'आईला सांभाळू' अशी वचनं देतात. त्याला आवडायचं ते पानावर ठेवतात, काही ठिकाणी बाटलीसुद्धा. गेलेल्याची राहिलेली इच्छा ऐकून घेणारा हा विधी मला मोलाचा वाटतो. पण घाटावर उभ्या असलेल्या मुलाचंही काही राहून गेलेलं असतं. त्याला हवा असलेला बाप यायचा राहिला. ती इच्छा विचारणारा विधी आपल्याकडे नाही.

पहिला आक्षेप इथेच येतो. ज्यानं घर नासवलं त्याच्या जाण्यानं सुटका होते. तिला शोक म्हणणं हा उगाच हळवेपणा नाही का? सुटका होते, हे मी पूर्ण मान्य करतो. रात्री दार वाजलं तरी छातीत धस्स होत नाही, घरात ठेवलेले पैसे सकाळी जागेवर असतात. ही सुटका खरी आहे आणि तिची लाज वाटायचं कारण नाही. पण सुटका आणि शोक एकमेकांना छेद देत नाहीत. बाप जिवंत असेतोवर, कितीही वेळा फसगत झाली तरी, एक दिवस तो शुद्धीवर येऊन आपल्याशी बोलेल ही आशा मनाच्या कोपऱ्यात तग धरून असते. मरणानं माणूस जातो त्याबरोबर ही आशाही जाते. तिच्यावर वीस-तीस वर्षांची गुंतवणूक झालेली असते, म्हणून तिचं जाणं हे मोठं जाणं. सिग्मंड फ्रॉइडनं शोक आणि विषाद यांवरच्या, १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात म्हटलं होतं, की गेलेल्या माणसावर प्रेम आणि राग दोन्ही असतील, तर तो राग अनेकदा स्वतःवर उलटतो आणि माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. त्या रात्री आपण दार उघडायला हवं होतं, शेवटचे पैसे द्यायला नको होते, अजून एकदा व्यसनमुक्ती केंद्रात भरती करायला हवं होतं. अशी स्वतःवरची फिर्याद ही पुष्कळदा बापावरची न लावलेली फिर्याद असते. सुटलो म्हणून जो रडलाच नाही, त्याच्या मनात ही फिर्याद अधिक काळ चालते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो करुणेतून येतो. दारूचं व्यसन हा आजार आहे. अमेरिकेच्या वैद्यक संघटनेनं १९५६ सालीच तो आजार मानला. आपल्याकडे डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुलं आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्यानं १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, आणि व्यसनी माणूस गुन्हेगार नसून रुग्ण आहे ही दृष्टी महाराष्ट्रात रुजायला त्या कामाची मोठी मदत झाली. मग मुलांनी आपलं हरवलं काय याचे हिशेब मांडणं म्हणजे रुग्णावर पुन्हा दोष ठेवणं नाही का? नाही. आजार म्हटल्यानं घडलेल्याचं कारण कळतं, त्यानं नुकसान पुसलं जात नाही. क्षयानं बाप गेला तर जंतूवर खटला भरत नाही, तरी मूल पोरकं होतंच. उलट आजार हा शब्द मुलाच्या तोंडावर हात ठेवण्यासाठी वापरला, तर त्याचा राग अपराध ठरतो आणि त्याचा शोक अधिकच कोंडला जातो. ज्या घरात बापाची दारू सुटते तिथे हे फार चटकन दिसतं. बाप सोबर झाला, घरात हसू आलं, सगळे त्याचं कौतुक करताहेत, आणि पंचविशीचा मुलगा मात्र तुसडा होतो, खोलीत जाऊन बसतो. लोक त्याला कृतघ्न म्हणतात. खरं तर घरातली रोजची धास्ती संपल्यामुळे त्याला आयुष्यात पहिल्यांदा मागे वळून पाहायची सवड मिळालेली असते. बाप परत आला, पण सातव्या वर्षाचा वाढदिवस परत आला नाही, शाळेच्या संमेलनातली रिकामी खुर्ची भरली नाही. बरं होणं हे बापाचं आहे. मुलाच्या शोकाला तर तिथून सुरुवात होते.

तिसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटी आणि १९८० च्या दशकात अमेरिकेत 'व्यसनी पालकांची प्रौढ मुलं' अशी एक ओळखच तयार झाली. जॅनेट वॉइटिट्झ यांचं १९८३ सालचं पुस्तक लाखोंनी वाचलं. ही मुलं दुसऱ्यांची मर्जी सांभाळत राहतात, स्वतःला कठोरपणे तपासतात, सगळी जबाबदारी अंगावर ओढून घेतात, अशा याद्या निघाल्या. पुढे मानसशास्त्रज्ञ केनेथ शर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली दाखवून दिलं, की अशी वर्णनं व्यसन नसलेल्या घरातल्या लोकांनाही आपल्याला लागू पडतात असंच वाटतं. वर्तमानपत्रातलं राशिभविष्य पटावं तशी. हा आक्षेप मी मनापासून स्वीकारतो. माणसाच्या कपाळावर जन्मभराची चिठ्ठी चिकटवणं हा त्याच्यावरचा नवा अन्याय आहे. एमी वर्नर यांनी हवाईमधल्या काऊआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. त्यांत व्यसनी पालकांची ४९ मुलं होती, आणि अठराव्या वर्षापर्यंत त्यांतली निम्म्याहून अधिक मुलं गंभीर अडचणीत सापडलेली नव्हती. म्हणजे बाप तसा म्हणून पोर तसंच, हे आपलं गावठी भाकीत चूक आहे. पण नीट उभं राहणं म्हणजे काही हरवलं नव्हतं असं नव्हे. शोक ही व्याधी नाही, तो स्वभावदोषही नाही. हरवल्याची ती नैसर्गिक प्रतिक्रिया आहे, आणि यशस्वी, हसतमुख, कर्तबगार माणसालाही तिचा हक्क आहे. मी याद्यांबद्दल बोलत नाही. मी फक्त म्हणतो की इथे काहीतरी गेलं, हे मान्य करा.

चौथा आक्षेप आपल्या मातीतला. हे सगळे पाश्चात्त्य चोचले आहेत, आपल्याकडे मोठं कुटुंब असतं, आणि गरिबाच्या घरी चूल पेटायची पंचाईत असताना शोकाची चैन कुणाला परवडते? कुटुंबाबद्दल अर्धं खरं आहे. आजी, मामा, चुलती, वर्गशिक्षिका, कुणीतरी एक माणूस जीव लावून पाठीशी उभं असलं तर मूल तरतं. काऊआईच्या अभ्यासातही निभावलेल्या मुलांना पहिल्या वर्षात कुणाचं तरी भरपूर लक्ष मिळालेलं होतं. आपल्याकडे अनेक मुलांना आजोळानं वाचवलं. पण हेच कुटुंब 'घरातलं बाहेर सांगायचं नाही' हा नियमही घालून देतं. व्यसनी घरांतल्या मुलांवर लिहिणाऱ्या क्लॉडिया ब्लॅक यांनी अशा घरांचे तीन अलिखित नियम सांगितले आहेत: बोलू नका, विश्वास ठेवू नका, काही वाटू देऊ नका. आपल्याकडे यांतल्या पहिल्या नियमाला बहिणीच्या लग्नाची, घराण्याच्या नावाची, गावातल्या प्रतिष्ठेची जोड मिळते आणि तो अधिक पक्का होतो. गरिबीबद्दल म्हणाल, तर तिथे शोक कमी नसतो, तो फक्त वस्तूंच्या रूपात असतो. गहाण पडलेलं शेत, सावकाराकडचं मंगळसूत्र, आठवीत सुटलेली शाळा, पगाराच्या दिवशी गुत्त्यावर गेलेलं धान्य. तिथला मुलगा 'मला दुःख झालं' असं म्हणणार नाही. तो म्हणेल, 'मी शिकलो असतो.' त्या एका वाक्यात बापही गेलेला असतो आणि मुलाला व्हायचं होतं तो माणूसही. आणि पाश्चात्त्यपणाचं म्हणाल, तर सान दिएगोमध्ये फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ९,५०८ प्रौढांपैकी २५.६ टक्के लोकांनी लहानपणी घरात व्यसन पाहिल्याचं सांगितलं. ते सांगता आलं, कारण कुणीतरी प्रौढ वयात त्यांना तसं विचारलं. आपल्याकडे दुःख कमी नाही, विचारणारे कमी आहेत.

मग करायचं काय? दारूविषयीची आपली सार्वजनिक चर्चा बहुतेक वेळा बंदी आणि महसूल यांच्यातच फिरते. गडचिरोलीत १९९३ साली बंदी आली, चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. गावात दारूचं दुकान राहावं की जावं, म्हणजे बाटली उभी की आडवी, यासाठी गावोगावच्या बायांनी मतदान केलं. त्या लढ्यांबद्दल मला नितांत आदर आहे. पण ते उद्याच्या दारूविषयी आहेत. जी कालच पिऊन झाली, जिच्यात कुणाचं बालपण गेलं, तिच्याविषयी कायदा काही करू शकत नाही. ते काम माणसांनीच करायचं. व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांसाठी अल्-अनॉन १९५१ साली सुरू झालं, किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन १९५७ साली. आपल्याकडच्या केंद्रांतही पत्नींच्या सभा होतात. त्यांच्या जोडीला प्रौढ मुलांसाठी वेगळी बैठक असावी, आणि बाप गेल्यानंतरही तिचं दार उघडं असावं, कारण रुग्णाचं नाव नोंदवहीतून कमी होतं तेव्हाच मुलाला तिची खरी गरज लागते. पिणाऱ्या रुग्णाला घेऊन येणाऱ्या मुलाला डॉक्टरांनी औषधाची वेळ सांगताना 'तुम्ही कधीपासून हे करताय?' एवढं विचारावं. यांत कुठेच माफीचा आग्रह नसावा. बापाला क्षमा करायची की नाही, श्राद्ध घालायचं की नाही, हा त्या मुलाचा प्रश्न. रडण्याची ती पूर्वअट असू शकत नाही.

आणि आपण सगळे, जे पांढरे कपडे घालून अशा घरी भेटायला जातो, त्यांनी दोन वाक्यं घरी ठेवून जावं. 'सुटलात' हे एक, 'देवमाणूस होता' हे दुसरं. त्यांच्या जागी मोठं काही बोलायची गरज नाही. पायरीवर शेजारी बसून विचारावं, 'न प्यालेले असले की कसे होते रे बाबा?' आणि त्याचं उत्तर ऐकून झालं, की उठायची घाई न करता हेही विचारावं, 'आणि प्यालेले असले की?' दोन्ही उत्तरं एकाच माणसाबद्दलची आहेत. दोन्ही ऐकून घेणारं कुणी भेटलं, तर त्या मुलाला आपला बाप अखंड आठवता येईल, आणि आठवता आला की त्याच्यासाठी रडताही येईल.